आभाळातून पंचनामा

गुरंवाल्या माणसाला सतरा वर्षांचा हिशेब विचारला तर तो देतो. कुठल्या साली दारात किती जनावरं होती, किती व्याली, किती रोगाने गेली, किती विकली, कुणाला दिली. दक्षिण इथिओपियातल्या बोराना पठारावरच्या ५५ कुटुंबांनी असा हिशेब आठवून सांगितला. कागद कुणाकडेच नव्हता. सॉलोमन देस्ता आणि लेन कॉपॉक या संशोधकांनी ट्रॅव्हिस लिबर्ट आणि क्रिस्टोफर बॅरेट या कृषी अर्थशास्त्रज्ञांसोबत या हिशेबाची उकल केली आणि २००४ साली 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये निबंध छापला. हवामानाच्या जोखमीपासून पशुपालकांना सावरण्यासाठी पूर्व आफ्रिकेत पुढे जे उभं राहिलं, त्याचं बरंचसं मूळ या ५५ घरांच्या आठवणीत आहे.

निबंधातून दिसलं ते असं. ज्या घराकडे पंधराच्या वर गुरं होती, ते दुष्काळात खचलं तरी सावरायचं, आणि चांगली वर्षं लागली की कळप पुन्हा चाळीसच्या पुढे जायचा. ज्याची गुरं दहा-पंधराच्या खाली आली, त्याचा कळप मात्र पाऊसपाणी बरं असतानाही वाढत नसे. गळत गळत तो एखाद-दुसऱ्या गाईवर येऊन थांबे. दुष्काळ दोघांना सारखाच लागला होता. फरक पडला तो एका अदृश्य रेषेमुळे.

ही रेषा कुठून आली? या मुलखात गुरं जगतात ती चालण्यावर. एका खोऱ्यातलं गवत संपलं की कळप घेऊन तरणी माणसं दूर जातात, महिनोन्महिने तिकडेच राहतात. म्हातारी माणसं आणि लेकरं वस्तीवर थांबतात. जाणाऱ्यांचं पोट दुधावर, थांबणाऱ्यांचंही दुधावर. कळप मोठा असला की तो दुभागता येतो: दुभत्या चार घरी, बाकीच्या वाटेला. पाच-सात गुरं कशी दुभागणार? मग ते घर वस्तीजवळच अडकतं. जवळचं गवत आधीच ओरबाडलेलं असतं, आणि उरलेली गुरंही वाळत जातात. म्हणजे गुरं कमी झाली की आधी चालणं बंद होतं, आणि चालणं बंद झालं की गुरं आणखी कमी होतात.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपण दुष्काळाचं नुकसान एका हंगामाच्या मापाने मोजतो. इतकी जनावरं दगावली, इतके रुपये बुडाले. पण वीस गुरांची सोळा होणं आणि सोळांची बारा होणं, दोन्हीकडे चारच गुरं मेलेली असली तरी, ही एकसारखी नुकसानं नव्हेत. पहिल्या घराची दोन-तीन वर्षं वाईट जातील. दुसऱ्या घराचा पशुपालनाचा धंदाच संपत आलेला असतो.

कोरड्या मुलखातले पशुपालक गुरं साठवतात, वेळेवर विकत नाहीत, अशी तक्रार अधिकारी आणि सल्लागार वर्षानुवर्षं करत आले. ती तक्रारही या उजेडात बघावी. दुष्काळाआधी ज्याच्याकडे जास्त, त्याच्याकडे दुष्काळानंतरही जास्त उरतात, हे पशुपालकाला कुणी शिकवावं लागत नाही. कळप हीच त्याची ठेव आणि हीच त्याची ढाल. त्याला हवामानाचा अंदाज पुरवा, म्हणजे तो शहाण्यासारखा आधीच विकेल, असंही सुचवलं गेलं. बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण इथिओपिया आणि उत्तर केनियात याचीही विचारपूस केली आणि २००३ साली निष्कर्ष मांडले. बहुतेकांचा भरवसा आपल्या जाणत्यांवर होता: तारे पाहणारे, कापलेल्या जनावराची आतडी पाहून हंगाम सांगणारे. संगणकाने काढलेले अंदाज फार थोड्यांपर्यंत पोचले होते, आणि पोचले तिथेही त्यांच्यावरून वागणं फारसं बदललं नाही. कारण साधं आहे. शेतकऱ्याला पेरणीआधी ठरवावं लागतं, तर पशुपालक पाऊस कुठे पडला ते पाहून मग निघू शकतो. शिवाय दुष्काळ येणार हे कळून करायचं काय? सगळ्यांनी एकदम विकायला काढली की बाजारात गुरांचा भाव कोसळतो आणि धान्याचा चढतो.

जुनी सोय नव्हती असं नाही. बोरानांमध्ये 'बुसा गोनोफा' नावाची रीत आहे. कुणाची गुरं गेली की कुळातले लोक आपल्यातली देऊन त्याचा कळप पुन्हा उभा करतात. आपल्याकडे अर्धलीने शेळी देतात त्यात देणाऱ्याचाही वाटा असतो. बोरानांची रीत त्याहून थेट आहे. पण ती चालते ती एकट्यादुकट्यावर संकट आलं तर. गावच्या गाव वाळलं तर ज्याच्या दारी जायचं, त्याच्याच दारात हाडं पडलेली असतात. पाउलो सांतोस आणि बॅरेट यांनी पुढे आणखी एक अवघड गोष्ट दाखवली. लोक गुरं उसनी देतात ती सावरू शकेल अशा माणसाला. जो रेषेच्या फार खाली गेला, त्याला कुणी उसनं देत नाही. यात क्रौर्य नाही. देणाऱ्यालाही आपलं घर त्याच रेषेच्या वर ठेवायचं असतं.

मग विमा का नाही? आपल्याकडे गाईम्हशींचा विमा जुना आहे आणि त्याची रीत गावोगाव माहीत आहे. कानात बिल्ला, डॉक्टरांचा दाखला, जनावर मेलं की खबर द्यायची, शवविच्छेदन, पंचनामा, फोटो, आणि मग दाव्याची वाट. दावणीला दोन म्हशी असलेल्या दूधवाल्यासाठी हे कसंबसं जमतं. पण उत्तर केनियातल्या मार्साबित जिल्ह्यात गाब्रा, रेंडिले, बोराना, सांबुरू लोकांचे उंट, गाई, शेळ्या-मेंढ्या चाल्बी वाळवंटाच्या कडेने शेकडो किलोमीटर फिरत असतात. तिथे मेलेली शेळी पाहायला कुठला विमा निरीक्षक जाणार? शेळीच्या विम्याचा हप्ता त्याच्या एका दिवसाच्या डिझेललाही पुरणार नाही. त्यात दोन जुनी दुखणी आहेत: विमा काढल्यावर निगा ढिली पडणं, आणि नेमकी मरायला टेकलेली जनावरंच विम्याला येणं.

या कोड्याला उत्तर शोधणाऱ्यांत एक मराठी नाव आहे, आणि या प्रकरणात ते आलं नाही तर हिशेब अपुरा राहील. १९७०च्या दशकात गुजरातेतल्या एच-४ कापसापासून सुरुवात करून एकेका शेताचं नुकसान पाहून भरपाई देणारा पीकविमा करून पाहिला गेला, पुढे तो इतर पिकांत आणि राज्यांतही गेला. एकूण ३,११० शेतकऱ्यांकडून हप्ता आला ४ लाख ५४ हजार रुपये, आणि भरपाई द्यावी लागली ३७ लाख ८८ हजार. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्रा. वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली मांडलं की एकेका शेताच्या मागे लागूच नका. एका टापूतल्या पिकाचं सरासरी उत्पन्न मोजा, ते घसरलं तर त्या टापूतल्या सगळ्या विमाधारकांना सारख्या प्रमाणात पैसे द्या. स्वतःचं पीक मुद्दाम बुडवून कुणाला फायदा नाही, कारण भरपाई त्याच्या शेतावर ठरतच नाही. जो जीव ओतून पीक वाचवतो, त्याला पीकही मिळतं आणि पैसेही. १९७९पासून देशात या धर्तीचा प्रायोगिक विमा सुरू झाला, पुढे तोच देशभर पसरला. त्याआधी १९२०मध्येच म्हैसूर संस्थानात जे. एस. चक्रवर्ती यांनी पावसाच्या मोजमापावर आधारलेल्या विम्याची योजना लिहून ठेवली होती. आज जगभर ज्याला निर्देशांक विमा म्हणतात, त्याचं बीज असं आपल्याकडचं आहे.

पिकाचं सरासरी उत्पन्न कापणी प्रयोगाने मोजता येतं. गुरांच्या बाबतीत काय मोजायचं? मंगोलियात दरवर्षी पशुगणना होते. तिथे 'झुद' म्हणतात त्या जीवघेण्या हिवाळ्यांनंतर, २००६पासून, तालुक्याएवढ्या टापूतल्या पशुमृत्यूच्या आकड्यावर विमा सुरू झाला. केनियाच्या उत्तरेला अशी गणना नव्हती. मात्र तिथलं गवत रोज मोजलं जात होतं, तेही आभाळातून.

हिरव्या पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेतं, आणि पानाची आतली रचना डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. उपग्रह हे दोन्ही मोजतो. त्यांच्या फरकाला बेरजेने भागलं की उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये एक आकडा मिळतो. जमीन उघडी असेल तर तो शून्याजवळ, हिरवळ दाट असेल तर एकाकडे झुकलेला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे आकडे पृथ्वीच्या तुकड्यातुकड्यासाठी साठत आलेत. म्हणजे या हंगामातली हिरवळ त्याच जागेच्या मागच्या वीसपंचवीस हंगामांशी ताडून पाहता येते. उपग्रहाला गुरं दिसत नसली तरी गुरांचं ताट दिसतं.

नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू मुडे यांनी ही गोष्ट हातात घेतली. ते स्वतः केनियाचे आणि कॉर्नेल विद्यापीठात शिकलेले. बॅरेट तिथेच प्राध्यापक. मायकेल कार्टर आणि सोमारात चांतारात हे अर्थशास्त्रज्ञही बरोबर होते. उत्तर केनियात सरकारच्या एका प्रकल्पाने कुटुंबांकडून दर महिन्याला किती जनावरं मेली याच्या नोंदी वर्षानुवर्षं घेतल्या होत्या. त्या नोंदी आणि हिरवळीचे आकडे एकमेकांसमोर मांडून त्यांनी सूत्र बसवलं: हिरवळ इतकी घसरली तर या भागात साधारण इतके टक्के जनावरं मरतील. जानेवारी २०१०मध्ये मार्साबितमध्ये विमा विक्रीला आला.

करार कसा होता ते एका उदाहरणाने पाहू. सगळ्या जनावरांना एका मापात आणलेलं होतं. एक गाय म्हणजे एक एकक, दहा शेळ्यामेंढ्या म्हणजे एक, उंट सव्वा-दीडच्या दरम्यान. एका एककाची किंमत १५,००० केनियन शिलिंग धरली. अनुदान वजा जाता हप्ता जिल्ह्याच्या जास्त कोरड्या भागात ५.५ टक्के, तुलनेने बऱ्या भागात ३.२५ टक्के. म्हणजे कोरड्या भागात एका गाईमागे ८२५ शिलिंग. सूत्राने सांगितलेला मृत्यूदर १५ टक्क्यांपर्यंत असेल तर काही मिळणार नाही, तेवढं पशुपालकाने सोसायचं. त्याच्या वर जितके टक्के, तितकी भरपाई. दहा गाईंचा विमा आणि अंदाज २५ टक्के असेल, तर दीड लाखावर दहा टक्के, म्हणजे १५,००० शिलिंग. त्याच्या स्वतःच्या किती गाई मेल्या हे कुणीही विचारणार नाही.

हा शेवटचा मुद्दा गळी उतरवणं सर्वांत कठीण होतं. माझी गाय मेली तर पैसे नाहीत, आणि माझी जिवंत असताना पैसे मिळतील, हा कसला विमा? संशोधकांनी गावोगाव खेळ मांडले. खोटे हंगाम, खोटे कळप, चिठ्ठी काढून पाऊस ठरवायचा, आणि विमा असताना-नसताना काय होतं ते खेळूनच पाहायचं. चित्रकथा वाटल्या, ध्वनिफिती ऐकवल्या. त्याचबरोबर त्यांनी अभ्यासाची शिस्तही पाळली. विक्रीआधीच ९२४ कुटुंबांची पाहणी केली आणि सोडत काढून काहींना हप्त्यावर सवलतीची कूपनं दिली. सोडतीमुळे पुढे तुलना खरी ठरते. नाहीतर विमा घेणारी घरं मुळातच हुशार किंवा सधन होती का, ही शंका कायम राहिली असती.

परीक्षा लवकरच आली. २०१०च्या अखेरचा आणि २०११चा मुख्य असे दोन पाऊस लागोपाठ हुकले. सोमालियात त्या वर्षी दुष्काळाने भूकबळी घेतले, उत्तर केनियात कळपच्या कळप आडवे झाले. ऑक्टोबर २०११मध्ये मार्साबितच्या विमाधारकांना पहिली भरपाई मिळाली.

त्याच काळात सारा जँझेन आणि मायकेल कार्टर यांनी या घरांना विचारलं: पुढचे तीन महिने कसे काढणार? जास्त गुरं असलेल्या घरांत विमा असेल तर जनावरं विकून दिवस काढू म्हणणारे खूप कमी भेटले. कमी गुरं असलेल्या घरांत विक्रीचा बेत आधीच नव्हता. ती घरं उरलेली जनावरं धरून ठेवून पोटाला चिमटा घेत होती, दिवसातलं एक जेवण गाळत होती. तिथे विम्याने जेवण वाचवलं. बोरानाच्या ५५ घरांतून दिसलेली रेषा इथे पुन्हा दिसते. रेषेच्या वरचा माणूस विकून खातो. रेषेजवळचा विकत नाही, कारण विकलं तर कायमचं बुडेन हे त्याला ठाऊक आहे. तो लेकरांचं जेवण कमी करतो. एकाच विम्याने दोन घरांत दोन वेगळ्या गोष्टी वाचवल्या, आणि सरासरीच्या आकड्यात हे कधीच दिसलं नसतं.

पण ऑक्टोबर ही तारीख बोचणारी आहे. गुरं तोवर मेली होती. मेलेल्या गाईच्या पैशात नवी गाय घेता येते, तरी रोडावलेल्या कळपाचं चालणं त्यामुळे लगेच सुरू होत नाही. दुष्काळानंतर सगळेच खरेदीला उतरतात, भाव चढलेला असतो. आणि गाय जगवायला लागणारा चारा, पाणी, औषध, टँकर यांचा खर्च मेलेल्या गाईच्या जागी नवी आणण्यापेक्षा फार कमी असतो. आपल्याकडच्या चारा छावण्यांचा अनुभव आठवावा. २०१२-१३ला माणदेशात, बीडला ज्यांनी दावणीच दावणी छावणीत आणून बांधल्या, त्यांना आठवडाभर उशिरा उघडलेली छावणी म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. पेंडीचा दर ऐकून ज्याने खिल्लार जोडी आधीच बाजारात नेली, त्याला नंतर उघडलेल्या छावणीचा काय उपयोग?

संशोधकांनी करार बदलला. मृत्यूचा अंदाज बाजूला ठेवून थेट चाऱ्याच्या टंचाईवर पैसे द्यायचं ठरलं. हिरवळ त्या जागेच्या नेहमीच्या पातळीपेक्षा फार घसरली, की गुरं उभी असतानाच पैसे. या संशोधनातली सर्वांत मोलाची पायरी मला हीच वाटते. हिरवळीचं मोजमाप तेच, फक्त पैशाची तारीख मरणाच्या अलीकडे सरकली.

दुसरं कौतुक त्यांच्या प्रामाणिकपणाचं. नाथॅनिएल जेन्सन, बॅरेट आणि मुडे यांनी आपल्याच विम्याची कसून तपासणी केली आणि २०१६ साली छापलं की विमा घेतल्यावरही मोठ्या नुकसानीच्या जोखमीपैकी सरासरी ६९ टक्के जोखीम त्या घराच्या माथी तशीच राहते. याचं कारण त्या ५५ घरांच्या हिशेबातही होतं. गुरं एकट्या दुष्काळाने मरत नाहीत. रोग येतो, तरस येतो, चोरटे येतात, एखाद्या पाणवठ्यावर भांडण होतं. उपग्रहाला यातलं काही दिसत नाही. त्याला हिरवं तेवढं दिसतं, आणि हिरवं सगळं चारा नसतो. आपल्याकडची वेडी बाभूळ केनियाच्या कोरड्या भागातही माजली आहे. आभाळातून ती गवतासारखीच हिरवी भासते, खाली मेंढरं उपाशी.

या उणिवेची किंमत विक्रीत दिसली. पहिल्या हंगामात उत्साह होता, मग खरेदी ओसरली. २०१२मध्ये विमा सीमेपलीकडे बोराना पठारावर गेला. २०१३मध्ये केनियाच्या वजीर जिल्ह्यातल्या सोमाली मुसलमान पशुपालकांसाठी एका तकाफुल कंपनीने इस्लामी नियमांत बसणारा नमुना काढला. त्यात हप्ता म्हणजे सामाईक निधीतली देणगी धरली जाते. तरीही स्वतःच्या खिशातून हप्ता भरणारे थोडेच राहिले. याला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं होईल. ६९ टक्के जोखीम आपल्याच माथी सोडणाऱ्या वस्तूसाठी, पाऊस पडायच्या आधी, हातात रोकड नसताना पैसे मोजायचे, यावर कुणीही दोनदा विचार करील. २०१५मध्ये केनिया सरकारने आपली योजना आणली. निवडलेल्या गरीब कुटुंबांच्या पाच एककांचा पूर्ण हप्ता सरकार भरू लागलं, सुरुवात तुर्काना आणि वजीरपासून. २०१७च्या दुष्काळात या योजनेतून बारा हजारांवर कुटुंबांना पैसे मिळाले. त्याआधी, २०१६मध्ये, मुडे यांना जागतिक अन्न पुरस्कार प्रतिष्ठानचा नॉर्मन बोरलॉग क्षेत्रसंशोधन पुरस्कार मिळाला होता.

हप्ता सरकारने भरावा का, यावर वाद आहे. माझं मत सरकारच्या बाजूने आहे, पण एका अटीवर: पाच एककांचा हप्ता कुणाचा भरायचा ते रेषा पाहून ठरावं. वीस गाईंवरून घसरत पंधराकडे आलेलं घर आज गरिबांच्या यादीत बसत नाही. पुढच्या दुष्काळानंतर ते यादीत आपोआप येईल, आणि तेव्हा त्याला सांभाळायचा खर्च कित्येक पट असेल.

२०२०च्या अखेरीपासून पूर्व आफ्रिकेत, 'आफ्रिकेचं शिंग' म्हणतात त्या भागात, लागोपाठ पाच पावसाळे हुकले. केनियात पंचवीस लाखांच्या आसपास जनावरं मेली. हप्ता मागच्या वीसपंचवीस वर्षांच्या हिरवळीवरून ठरतो, आणि येणारी वर्षं तशी असतील याची हमी हवामान देत नाही. भरपाई वारंवार द्यावी लागली तर हप्ता चढणार, आणि चढलेला हप्ता पशुपालकाला परवडणार नाही. २०२२पासून जागतिक बँकेच्या मदतीने केनिया, इथिओपिया, सोमालिया आणि जिबुती मिळून विम्याला बचतीची जोड देताहेत, ती यासाठीच. लहान तुटीला बचत, मोठ्या दुष्काळाला विमा, आणि त्याही पलीकडच्या संकटाला सरकार.

पहिल्या सोडतीत कूपन मिळालेल्या घरांकडे संशोधक दहा वर्षांनी परत गेले. कळप फारसे वाढलेले नव्हते. पण त्या घरांतली मुलं शाळेत जास्त शिकली होती. दुष्काळात मुलाला शाळेतून काढून गुरांमागे धाडायची वेळ काही घरांवर आली नसेल, किंवा कमी वेळा आली असेल.

वर्षातून दोनदा, जानेवारी-फेब्रुवारीत आणि ऑगस्ट-सप्टेंबरात, विक्री खुली होते. पाऊस त्यानंतर येतो. त्या दिवसांत मार्साबितच्या डोंगरपायथ्याशी जमीन उघडी असते आणि उपग्रहाचा आकडा शून्याजवळ. गेल्या हंगामात पैसे मिळाले होते का, शेजाऱ्याला मिळाले आणि मला का नाही, अशी चौकशी करून म्हातारा माणूस किती गाईंचे पैसे भरायचे ते ठरवतो. सगळ्या कळपाचे बहुधा नाहीच. दोन-तीन दुभत्यांचे.